चौऱ्यांशीचा आकडा

"बाबा, चौऱ्यांशी दाखवतंय."

माझी सून निशिगंधा देवळामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी उकिडवी बसली होती. मांडीशी ते करड्या रंगाचं यंत्र, त्यातून निघालेल्या तीन रंगांच्या वायरी, आणि लांबवर, कातळाच्या फटींत घाम गाळून ठोकलेल्या दोन लोखंडी सळया. माघातली सकाळ होती. आमच्या कातळशेतच्या लक्ष्मीनारायणाच्या उत्सवाचा पाचवा, म्हणजे शेवटचा दिवस.

"चौऱ्यांशी काय?"

"ओहम. जमिनीचा विरोध. पाचच्या आत पाहिजे."

"चौऱ्यांशीच्या फेऱ्यातून देवसुद्धा सोडवतो गो. पुन्हा एकदा लाव."

तिने सळया उपटल्या, दुसऱ्या फटींत ठोकल्या, बटण दाबलं. "त्र्याऐंशी पॉइंट सात."

"बघ. तेवढ्यात उतरलं."

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतू विनोदालाही हसणारी मुलगी. तिने आकडा वहीत लिहिला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी विश्राम साळसकर. वायरिंगचा लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर, तेव्हा धंद्यात तीस वर्षं झाली होती. देवळाचा नवा सभामंडप त्याच वर्षी पुरा झाला होता आणि त्यातली तार न् तार माझ्या हातची होती. मजुरी घेतली नव्हती. लहानपणापासून या देवळातली कीर्तनं ऐकत वाढलो, बुवांच्या मागे उभं राहून टाळ धरायचा मान बापानंतर मला मिळालेला. तिथे मजुरी कसली घ्यायची. काम झाल्यावर वीजमंडळाला जो रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात अर्थिंगच्या रकान्यात मी आकडा घातला होता, एक पॉइंट आठ.

निशिगंधा लग्नाआधी मोठ्या कारखान्यात टेस्टिंगला होती. मुलगा जहाजावर, म्हणून ती माझ्या धंद्यात आली आणि आल्यापासून एकच धोशा: बाबा, टेस्टर घेऊ या. साधासुधा नव्हे. अर्थिंग मोजणारा, तारेचं आवरण तपासणारा, गळती दाखवणारा, सगळं एकात. किंमत एक लाख चौतीस हजार. मी म्हणायचो, तेवढ्यात जुना टेम्पो येतो, आणि टेम्पो निदान सामान वाहतो. शेवटी तिने कोल्हापूरच्या डीलरला गळ घालून एक यंत्र चार दिवस वापरून बघायला आणलं. सोमवारी तो न्यायला येणार, तेव्हा हो की नाही सांगायचं. आज शनिवार होता.

"कातळ आहे हा," मी म्हणालो. "सड्यावरच्या कातळाला तुझं यंत्र काय समजणार? सरक."

पिशवीतून मी माझा बल्ब काढला. होल्डरला दोन वायरी, त्यांची टोकं सोललेली, शंभरचा बल्ब. सबंध तालुक्यातला वायरमन अर्थिंग असंच बघतो: एक टोक फेजला, एक अर्थला, बल्ब पेटला की काम झालं. आमच्यात म्हणतातच, 'दिवा पेटला, अर्थ पावला.' मंडपाच्या खांबावरच्या प्लगमध्ये मी टोकं घातली. बल्ब लख्ख पेटला.

देवळाचे मुख्य ट्रस्टी अण्णा खोत हातात ताम्हण घेऊन तिथूनच चालले होते. ते थबकले. "काय चाललंय सकाळच्या पारी?"

"काही नाही अण्णा. सूनबाई अर्थिंग बघतायत."

"मग लागलाय की दिवा." अण्णांनी त्या यंत्राकडे वाकून पाहिलं. "किती हजाराचं हे?"

निशिगंधाने सांगितलं.

"अरे वा. आणि विश्रामचा बल्ब वीस रुपयांचा. सूनबाई, तुमच्या डब्याला सांगा, कातळशेतात उजेड पडला." आणि ते हसत गाभाऱ्याकडे गेले.

मीही हसलो. निशिगंधा वायरी गुंडाळत हळू आवाजात म्हणाली, "बाबा, बल्बाला ओंजळभर पुरतं. खरी वेळ आली की सगळा लोंढा त्या खड्ड्यातून जमिनीत गेला पाहिजे, म्हणजे फ्यूज उडतो. तुमच्या खड्ड्यातून ओंजळच जातेय. उरलेलं कुठे जाणार? ज्या ज्या वस्तूला आपण अर्थिंग दिलंय, तिच्या अंगावर."

"बरं."

"रिपोर्टात एक पॉइंट आठ कुठून आलं?"

"तसं लिहितात."

"कोण लिहितं?"

"सगळे."

तिने वही मिटली. मग म्हणाली, "निदान ईएलसीबी आहे ना मंडपाला? गळती झाली की तो तरी लाइन तोडेल."

"आहे."

"चालतो?"

"चालतो."

"बघून घेऊ या एकदा."

"मेन बोर्ड कोठीत, आणि कोठीची किल्ली अण्णांच्या कमरेला. उत्सवाच्या गडबडीत त्यांच्या मागे लागू नको. कीर्तन होऊ दे आजचं. उद्या दोघं मिळून नवा खड्डा मारू, मीठकोळसा घालू, पाणी घालू. तुझा शब्द राहिला."

"नक्की चालतो ना, बाबा?"

"सांगितलं ना बाय."

तिने मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

ईएलसीबी होता, हे खरं. चालत नव्हता, कारण मीच त्याला वळसा घालून वायर जोडली होती. उत्सवाच्या पहिल्या दिवशी कीर्तन सुरू झालं, बुवांनी नमन केलं, आणि तो खट्कन पडला. माइक बंद, पंखे बंद. वर केला, पाच मिनिटांनी पुन्हा पडला. अडीचशे माणूस माना वळवून माझ्याकडे बघत होतं. आमच्या देवळात एक गोष्ट सगळे मानतात, की नारदाच्या गादीवर बुवा उभे राहिले की कीर्तनात खंड पडू द्यायचा नाही. मूल रडलं तर आई बाहेर नेते. म्हातारी माणसं खोकला गिळतात. मी कोठीत गेलो, म्हटलं, नवीन ईएलसीबी नाजूक असतात, उगाच पडतात, आणि हातभर वायरने त्याला बाजूला काढलं. मग चार दिवस माइक एकदाही बंद पडला नाही. मी टाळ वाजवला. दुसऱ्या दिवशी डोकं लावलं असतं की हा कीर्तनाच्याच वेळी का पडतो, तर पुढचं टळलं असतं. नाही लावलं. गजर चांगला रंगला होता.

चार वाजता कीर्तन सुरू झालं. नीळकंठबुवा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. अंगरखा, उपरणं, पगडी, गळ्यात हार. डाव्या गुडघ्यात जोर उरला नव्हता, म्हणून माइकचा लोखंडी स्टँड ते खांबासारखा धरायचे. पायांखाली घोंगडी. मी त्यांच्या मागे उजवीकडे, पेटीवर ठोसरमास्तर, पलीकडे तबला. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत निशिगंधा. यंत्राची पेटी मांडीवर. उसनं आणलेलं, म्हणून घरी ठेवून यायचा धीर नव्हता तिला. तान्हं मूल घेऊन बसल्यासारखी बसली होती.

नमनापर्यंत मी स्वतःची समजूत घालत होतो. चार दिवस काही झालं नाही, पाचव्या दिवशी का होईल. घोंगडी कोरडी आहे. लोकर आहे.

मग मला आठवलं.

शेवटच्या दिवशी आमच्याकडे बुवांचे पाय धुतात. पूर्वरंग संपला की मध्यंतरात ट्रस्टी जोडीने पुढे येतात, तांब्याची परात ठेवतात. बुवा घोंगडीवरून खाली शहाबादी फरशीवर उतरतात, एक एक पाय परातीत देतात, खोत पाणी घालतात आणि खोतांची मंडळी पाय पुसतात. उभ्याउभ्याच. नारदाच्या गादीपाशी बुवांनी बसायचं नसतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघ्यातून गेलेला माणूस एक पाय उचलून पाण्यात घालणार, दुसरा ओल्या फरशीवर, आणि तोल सावरायला हाताशी काय, तर माइकचा स्टँड. माइकच्या वायरीतून अँप्लिफायरला, अँप्लिफायर अर्थिंगला, अर्थिंग माझ्या त्या खड्ड्याला.

टाळ चुकला. बुवांनी मान न वळवता एक बोट हलवलं. त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

तरीही मी म्हणत होतो, गळती असेल तर ना. गळती आहेच कुठे.

तेवढ्यात ठोसरमास्तरांनी पेटीसमोरचा छोटा माइक जवळ ओढायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटं धोतराला पुसली. इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघितलं नाही ना, असं. आणि पुन्हा भाता ओढायला लागले.

मी बघितलं होतं. मी समोर पाहिलं तर निशिगंधानेही बघितलं होतं. ती पंख्याकडे बघत होती. पंखा फिरत होता. ईएलसीबी पडायला हवा होता, तो पडला नव्हता. तिची नजर पंख्यावरून खाली माझ्यावर आली, आणि मी खाली टाळांकडे बघायला लागलो. तिला कळलं. मला ते न बघताच कळलं.

ती उठायला लागली. शेजारच्या काकूंनी तिचा पदर धरून खाली बसवली. "मधूनच उठू नये गो. मध्यंतर होऊ दे."

बुवा दृष्टांत सांगत होते. पेठेत एक तुपाचा व्यापारी होता. एके दिवशी त्याच्या दुकानी त्याचे गुरुजीच तूप घ्यायला आले. व्यापाऱ्याला कोण आनंद. शेर तूप मोजताना त्याने वजनाच्या पारड्याला हळूच करंगळी लावली, गुरुजींना जरा जास्त जावं म्हणून. गुरुजींनी ती करंगळी बघितली. म्हणाले, बाळा, प्रेम असेल तर वर आणखी एक भांडं भरून दे, मी डोक्यावर घेऊन जाईन. पण मापात घालू नको.

बुवा थांबले. स्टँडवरचा हात काढून त्यांनी तो हवेत तराजूसारखा धरला.

"अहो, माणसाला भीड असते. असावी. भीड नसलेला माणूस म्हणजे उघडं दार. पण तराजूला भीड नसते. आज प्रेमापोटी तुम्ही त्याला भीड शिकवलीत, तर उद्या तो कुणाचाच राहायचा नाही. कुणाचाच."

अडीचशे माणसं 'विठ्ठल विठ्ठल' म्हणाली. माझ्या तोंडून नाम निघेना. मी हिशेब करत होतो, की मध्यंतर झालं की पळत जाऊन अण्णांकडे किल्ली मागायची, माइक जरा खरखरतोय म्हणायचं, मेन स्विच पाडायचा, वळसा काढायचा. कुणाला कळायचंसुद्धा नाही. एवढंच करायचं.

गजर सुरू झाला. गजराच्या शेवटी मध्यंतर. पण गजर संपायच्या आतच अण्णा खोत सोवळं नेसून परात घेऊन पुढे आलेले मला दिसले, मागे खोतकाकू पाण्याचा तांब्या घेऊन. सोवळ्यात कमरेला किल्ल्या नव्हत्या. त्या घरी सदऱ्याच्या खिशात की गाभाऱ्यात, देवाला माहीत. अण्णांनी परात फरशीवर ठेवली. काकूंनी रीतीप्रमाणे आधी फरशीवर पाणी शिंपडलं. बुवांनी स्टँड घट्ट धरला, डावा पाय घोंगडीवरून खाली घ्यायला उचलला.

मी टाळ खाली टाकले. फरशीवर ते घणघणत गेले आणि गजर तिथल्या तिथे तुटला.

"बुवा, पाय खाली ठेवू नका. स्टँड सोडा."

बुवांचा पाय अधांतरी. मी मागून त्यांना दोन्ही दंडांना धरलं आणि घोंगडीवर मागे घेतलं. गादीवर उभ्या असलेल्या बुवांना आजवर कुणी हात लावला नव्हता.

"विश्राम." अण्णांनी हाक मारली नाही, नुसतं नाव घेतलं. "काय करतोयस हे?"

"अण्णा, पाणी नको. स्टँडला करंट आहे बहुतेक."

"बहुतेक?"

मंडपात कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, वायरिंग तर ह्याच्याच हातची. अण्णा तेच म्हणाले. "तुझ्या हातचं काम. काम पुरं झालं तेव्हा ह्या इथे उभा राहून म्हणालास, तीस वर्षं बघायला नको."

"माझ्या हातचं आहे म्हणूनच सांगतोय."

"सकाळी तर दिवा पेटला होता. मी बघितला. आण तुझा बल्ब. आत्ता दाखव सगळ्यांना."

पिशवी खांबापाशीच होती. मी बल्ब काढला. एक टोक स्टँडला, दुसरं ओल्या फरशीवर दाबलं.

बल्ब पेटला नाही.

आतली तार साधी तांबडीसुद्धा झाली नाही. मंडप हसला. भीतीतून सुटल्यावर हसतात तसं. "बघ," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी परात सरळ केली. "भित्रा झालायस सुनेच्या नादाने. चला बुवा."

आणि एक क्षणभर, खरं सांगतो, मीही सुटलो. बल्ब नाही म्हणाला म्हणजे नाही. तीस वर्षं ज्याचं ऐकलं त्याचंच ऐकायची सवय हाडात गेलेली.

"थांबा." निशिगंधा बायकांच्या रांगेतून वाट काढत आली होती. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. यंत्र फरशीवर ठेवलं, एक टोक स्टँडला, एक फरशीला. पडद्याकडे न बघताच ते माझ्यापुढे केलं. "बाबा, तुम्हीच वाचा."

एकशे चौसष्ट.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"एकशे चौसष्ट व्होल्ट," मी म्हणालो.

"आणि बल्ब काही नाही म्हणतो. मग खरं कुणाचं?"

"बल्ब पेटायला जेवढा करंट लागतो, तेवढा ह्या फरशीतून जात नाही, अण्णाकाका," निशिगंधा म्हणाली, "पण त्याच्या दहाव्या हिश्शात माणूस जातो."

"तू राहू दे गो. ह्याला विचारतोय. लायसन ह्याचं आहे."

मी बघत होतो ठोसरमास्तरांकडे. ते मान खाली घालून पेटीचे सूर पुसत होते. "मास्तर," मी म्हटलं.

"मुंग्या आल्या मघाशी," ते पुटपुटले. "म्हटलं, चालू कीर्तनात कशाला बोला."

बुवा एवढा वेळ घोंगडीवर स्टँडपासून हात लांब धरून उभे होते. पांढऱ्याफटक चेहऱ्याने. पण आवाज कीर्तनातलाच निघाला, तळातून. "विश्राम, तुझा बल्ब एक म्हणतो, मुलीचं यंत्र एक म्हणतं. तू काय म्हणतोस?"

आणि आता माझ्यापाशी वेळ नव्हता, म्हणून भीडही उरली नाही.

"यंत्र खरं आहे, बुवा. सकाळी तिने अर्थिंग मोजलं, चौऱ्यांशी आलं. रिपोर्टात मी एक पॉइंट आठ लिहिलंय, ते कधी मोजलेलंच नाही. मापायला माझ्याकडे काही नव्हतं. आणि गळती झाली की लाइन तोडतो तो ईएलसीबी मी पहिल्याच दिवशी वायर टाकून बंद केलाय. सारखा पडत होता. तुमच्या कीर्तनात खंड पडू नये म्हणून."

बायकांच्या बाजूला एका पोराने काहीतरी विचारलं, त्याला गप्प केलं.

"मला नाही सांगितलंत," निशिगंधा म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल इतकंच.

अण्णा खोतांनी परात उचलली, तांब्यातलं पाणी बाजूला नेऊन तुळशीत ओतलं, आणि गाभाऱ्यातून किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली. "देवळाच्या कागदावर खोटं लिहिलंस," म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. कोठीच्या झरोक्यातून मला बुवांचा आवाज आला. ते लोकांना सांगत होते, "कुणी उठू नका. सरका पुढे. मी उतरलोय गादीवरून, तुमच्यात येतो. खंड पडला असं कुणी म्हणायचं नाही हं, मध्यंतर जरा लांबलं." मग उत्तररंग सुरू झाला, बिनमाइकचा. आवाज फाटत होता. माझ्या जागी कुणीतरी टाळ घेतले होते, लयीला जरा मागे पडत होतं. आख्यान कुठलं लागलं हे मला आजही माहीत नाही. मी आणि निशिगंधा कोठीत एक एक लाइन सोडवून तपासत होतो. ती आकडा सांगायची, मी लिहायचो. कामापलीकडे एक शब्द नाही.

सातवी लाइन बाहेरच्या रोषणाईच्या कमानीची निघाली. कमान लोखंडी. ती उभी करताना वायर तिच्या पायाखाली चिमटली गेली होती, आवरण कापलं गेलं होतं. रोषणाई कीर्तनाच्याच वेळी लावत, म्हणून ईएलसीबी कीर्तनाच्याच वेळी पडत होता. आणि कमानीला अर्थिंग मीच दिलं होतं, आठवणीने, येणाऱ्याजाणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून. तो करंट त्या अर्थिंगने आत आणून बुवांच्या हातात दिला होता.

"पायांत चपला होत्या लोकांच्या," निशिगंधा म्हणाली. "नाहीतर बाहेरच कुणीतरी."

"होय."

"बाबा, बल्ब पेटला नाही तेव्हा तुम्ही सुटल्यासारखे दिसलात."

तिने वायर कापली आणि माझ्या हातात दिली.

निघताना बुवांनी मला बोलावलं. गाडीत बसले होते, पाय न धुतलेले. म्हणाले, "पुढल्या वर्षी टाळ धरायला यायचं. वायरीला दुसरा कुणी आला तरी चालेल." मी वाकून पायांना हात लावला, तर म्हणाले, "आता करंट नाही ना?" आणि हसले. मला हसता आलं नाही. दंडाला धरून मागे ओढताना हाताला लागलेलं त्यांचं वजन, इतकं थोडं, तेच अजून हातात होतं.

वायरीला दुसराच आला. देवळाचं काम ट्रस्टने काढून घेतलं आणि बरोबरच केलं. बातमी सोमवारच्या आत तालुकाभर झाली. डीलर आला तेव्हा मी पडवीत रिपोर्टांच्या जुन्या प्रती पसरून बसलो होतो. बावीस वर्षांच्या. प्रत्येकावर अर्थिंगच्या रकान्यात माझं अक्षर: एक पॉइंट दोन, एक पॉइंट सहा, दोन. एका ठिकाणी तर शून्य पॉइंट नऊ. कुणाचं घर होतं ते, एवढं प्रेम कशाला आलं होतं, आठवेना.

"मग साळसकर, पटलं का यंत्र?" डीलरने विचारलं. "महाग वाटत असेल तर यातलंच हलकं एक आहे. नुसतं अर्थिंग दाखवतं."

निशिगंधा दारात उभी होती. शनिवारपासून ती माझ्याशी धड बोलली नव्हती.

"आवरण, गळती, सगळं दाखवणारं पाहिजे," मी म्हणालो. "ठेवून जा हेच."

तिने आत जाऊन चहा टाकला. बारा वर्षं झाली या गोष्टीला. त्या यंत्राचे दोनदा बॅटरीचे सेल बदललेत आणि दर वर्षी ते कोल्हापूरला तपासून येतं. टेम्पो काही घेतला नाही.

पण मला सांगायचाय तो मंगळवार. एकशे बारा रिपोर्ट होते. पहिलं नाव वरच्या वाडीतल्या भागीरथीकाकू मेस्त्रींचं. सोळा वर्षांपूर्वीचं काम. निशिगंधा यंत्र घेऊन पाखाडीच्या पायऱ्यांवर खाली थांबली. म्हणाली, "तुम्ही बोला आधी." मी दार वाजवलं.

काकू बाहेर आल्या. हात पिठाचे. "काय रे विश्राम? काय बिघडलं?"

"माहीत नाही, काकू. तेच बघायला आलोय. लाइट तुमची तपासून देतो. पैसे नकोत."

"पण तू केलंस तेव्हा ठीक होतं ना?"

खाली निशिगंधा ऐकत होती. ऐकत नसती तरी हेच म्हणालो असतो का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"तेव्हाही माहीत नव्हतं, काकू. नुसतं लिहिलं होतं."

काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. शिव्या येतील म्हणून मी मान खाली घातली. मग त्या आत वळल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली.

"अगो, वॉशिंग मशीनला कुणी हात लावू नका. विश्राम सांगेपर्यंत."